डावीकडं सरकारी, उजवीकडं खासगी

माझ्या मामाइतका निःपक्षपाती माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा झाला नाही. दोन्ही तालुक्यांची नावं मुद्दाम घेतली आहेत. नुसतं शहापूर म्हटलं असतं तर मुरबाडवर अन्याय झाला म्हणून पहिली हरकत मामानेच घेतली असती. तो नोकरीला भातसानगरला, धरणाची पातळी बघून वर कळवायच्या कामावर, आणि आमचं घर टोकावड्याला. तो आमच्याकडे यायचा तेव्हा एसटीतून उतरल्याबरोबर घरी येत नसे. रस्त्याच्या दोन अंगांना समोरासमोर दोन धाबे होते. मामा अर्धा कप चहा या धाब्यावर प्यायचा, रस्ता ओलांडून अर्धा त्या धाब्यावर, आणि मग मधोमध उभा राहून दोन्ही मालकांना ऐकू जाईल अशा बेताने निकाल द्यायचा, "दोघांचा बी पातळच." एकदा चपला घ्यायला शहापूरच्या बाजारात गेला आणि दोन दुकानांत अडकला. शेवटी दोन्हीकडून एकेक जोड घेतला आणि डाव्या पायात एका दुकानाची, उजव्या पायात दुसऱ्या दुकानाची चप्पल घालून वर्षभर हिंडला. कुठली आधी झिजते ते बघायचं होतं. मामी त्याच्यासोबत लग्नाला जायची बंद झाली, पण चपला झिजायचं नाव घेईनात. दोन्ही दुकानं प्रामाणिक निघाली, याचा मामाला कोण आनंद!

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला त्याच्या गावात दोन चुलतभाऊ एकमेकांसमोर उभे होते. मामा दोघांच्याही प्रचाराला गेला, दोघांच्याही घरी जेवला आणि मतपत्रिकेवर दोघांच्याही नावापुढे शिक्का मारून आला. मी तेव्हा शाळेत होते, पण लोकशाहीची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे अशी माझी समजूत होती. मी त्याला म्हटलं, "मामा, तुझं मत बाद झालं!" तो शांतपणे म्हणाला, "बाद कसं गो? दोघांना बी गावलं ना." धरणाच्या कामगारांच्या वसाहतीत, जिथे मामा राहायचा, कुणाचं भांडण लागलं की लोक मामालाच बोलवायचे, कारण त्याच्या निकालावर हरकत घ्यायची सोयच नव्हती. निकालच नसायचा. मामीला मी एकदा विचारलं होतं, की असा माणूस बायको निवडूच कसा शकला? मामी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दोन ठिकाणच्या पोरी बघितल्या व्हत्या त्यांनी. ती दुसरी इचार करी-करीपर्यंत उजवली कुनी. मंग मी उरले."

आता माझ्याविषयी सांगायला हवं, म्हणजे मामाची पंचाईत कळेल. माझे आईबाबा मजुरांच्या संघटनेत. आमच्या घरात कपाटापेक्षा पत्रकं जास्त. इतर मुलं कमळाचा क शिकली, मी कष्टकऱ्यांचा शिकले. जेवायला बसताना खाली पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं, पाऊस लागला तर खिडकीच्या फटीत पत्रकाचा बोळा. त्यामुळे कुठलीही गोष्ट बघण्याआधीच तिच्याबद्दलचं माझं मत तयार असायचं, आणि तेही तीन उद्गारचिन्हांसकट. अकरावी-बारावीला मी मामाकडे राहून शहापूरला शिकले. मामाला मूलबाळ नव्हतं. मी आले आणि त्याच्या घरात पहिल्यांदाच रोज एक पक्ष बोलू लागला. अकरावीतच मी 'शिक्षणाचा बाजार बंद करा!!!' असं पत्रक लिहिलं आणि मामीने केलेल्या खळीने शहापूरच्या स्टँडवर चिकटवलं. मामा मदतीला आला होता. शेजारी एका खासगी क्लासची जाहिरात होती, तिचा कोपरा सुटला होता. मामाने उरलेली खळ तिला लावली.

डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायची, हे माझं केव्हाच ठरलं होतं. बारावीच्या मार्कांनी ती सेवा तोंडापुरती करून टाकली. एमबीबीएस हुकलं, दातांच्या डॉक्टरकीला दोन ठिकाणी नंबर लागला. एक कॉलेज सरकारी, पण लांब, घाटावर. दुसरं खासगी, खाडीपलीकडे, शनिवारी निघालं तर दिवेलागणीला भातसानगरला पोचता येईल इतकं जवळ, आणि तिथेही मला सरकारी कोट्यातली जागा. म्हणजे खर्चाची सबब दोन्हीकडे नव्हती. एकच निवडायचं होतं आणि ठरलेल्या तारखेला तिथे हजर व्हायचं होतं. आईबाबांकडे हुकूम द्यायची पद्धत नव्हती. ते चर्चा ठेवायचे. मी तर न बघताच 'सरकारी!!!' म्हणून मोकळी झाले होते. पण मामाला ते पटेना. "न बघता नाय म्हनू नये, आन् न बघता हो बी म्हनू नये," तो म्हणाला, आणि दोन्ही कॉलेजं बघायला, स्थळ बघायला जावं तसा, इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाला.

आधी सरकारी. आत शिरल्याबरोबर समोर मोठी पाटी: 'मौखिक निदान विभाग'. पाटीखाली माणसांची लांब रांग.

मामाने विचारलं, "मौखिक म्हंजे गो?"

हा शब्द माझ्या घरातला होता. 'मौखिक आश्वासने नकोत, लेखी द्या!' हे मी बोलायला शिकले तेव्हापासून ऐकत आले होते. मी ताबडतोब सांगितलं, "मौखिक म्हणजे तोंडी."

"तोंडी परीक्षा?"

"तीच असणार."

"पालकांची घेत असतील," मामा रांगेकडे बघत म्हणाला. "बघ, समद्यांनी गालाला हात लावलाय. पेपर अवघड दिसतोय." आणि सदरा सारखा करून तो रांगेत उभा राहिला.

मी तिथे थांबले असते तर पुढचं टळलं असतं. पण नोटीस बोर्डावर विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रश्नावर पत्रक लावलं होतं आणि त्यात 'निषेध' शब्दातला 'षे' चुकला होता. मी पेन काढून ते सुधारत बसले. मग दुसरी चूक दिसली. मग मागण्यांचा क्रमच मला पटेना. तेवढ्यात मामाचा नंबर लागला. आत काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. पांढऱ्या कोटातल्या मुलाने त्याला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय त्रास आहे?" मामा म्हणाला, "त्रास नाय, भाचीला हितं घालायचीय." मुलगा म्हणाला, "बरं, आ करा. दुखतं का कुठं?" आता मामाच्या तोंडात तंबाखूच्या कृपेने किडक्या दाढांचा तुटवडा नव्हता, आणि परीक्षेत खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, "दुखतं तर खरं. डावीकडं." मुलाने त्याच्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, काढावी लागेल. मामाला वाटलं, भाचीचा प्रश्न आहे, आपण नाही म्हटलं तर वाईट दिसेल. "काढा," तो म्हणाला.

मी पत्रक सुधारून परत आले तर मामा बाकावर बसला होता, दाताखाली कापूस, डोळ्यांत पाणी. मला बघून त्याने बोटांनी खूण केली. आपण पास झालो, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं.

परतीच्या एसटीत कापूस काढता आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "आता तिकडं बी एक द्यावी लागंल."

"कुठे तिकडे?"

"खाजगीवाल्यांकडं. एकाला दाढ दिली आन् दुसऱ्याला नाय? पंगतीत असं चालतं का? तुलना सारखी पायजे."

मी त्याला खूप समजावलं. भांडवलशाहीला दाढ देण्याचा काय अर्थ होतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, "दाढ किडकीच हाय गो. भांडवल काय करनार तिचं?" आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही खाडीपलीकडे गेलो. तिथे मामा स्वतःहून म्हणाला, "उजवीकडची काढा. वरची नको, खालचीच. डावीकडं बी खालचीच दिलीय." तिथल्या मुलीची ती पहिलीच दाढ होती. तिच्या मॅडम शेजारी उभ्या राहून तिला धीर देत होत्या, आणि मामा तोंड उघडं ठेवून डोळ्यांनी देत होता. दाढ निघाल्यावर ती मुलगी म्हणाली, "सॉरी काका." मी तेवढ्या वेळात शत्रूच्या गोटाची पाहणी करायला म्हणून वाचनालय बघून आले आणि तिथे माझा घात झाला. वाचनालयाला मोठ्या खिडक्या होत्या, खिडकीतून खाडी दिसत होती, आणि कपाटात पुस्तकं अशी मांडलेली, की त्यातलं एकही कुणी खिडकीच्या फटीत कोंबलं असेल असं वाटेना. मला ते कॉलेज आवडलं. शिवाय तिथून शनिवारी भातसानगर होतं, मामीच्या हातची भाकरी होती.

त्या दिवसापासून माझ्या तत्त्वांची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. आधी मी म्हणू लागले की व्यवस्थेला आतून पोखरायला हवं. मग म्हणू लागले की खासगी कॉलेजातली सरकारी जागा ही जनतेची जागा आहे, ती आपण सोडली तर बाजारालाच मदत होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि "मुद्दा चर्चेला घेऊ," म्हणाले. माझं पत्रक अजून स्टँडवर फाटक्या अवस्थेत चिकटलेलं होतं. शहापूरला कॉलेजचे कागद काढायला जाताना मी स्टँडाच्या मागच्या बाजूने जाऊ लागले.

आता मला एकच हवं होतं. कुणीतरी मोठ्या माणसाने मला दटावून सांगावं, की बाई, जवळच्याला जा. म्हणजे मी कपाळाला आठ्या घालून, घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून, तत्त्वाला धक्का न लावता खाडीकाठी वाचत बसले असते. हे काम करायला मामाशिवाय कोण होतं? मी त्याच्या मागे लागले. "मामा, दोन्ही बघितलीस. दोन्हीकडे दाढ दिलीस. आता सांग."

मामा तेव्हा पेजेवर होता. दोन्हीकडून चावता येत नव्हतं. आरशात बघून तो म्हणाला, "डावीकडं सरकारी, उजवीकडं खाजगी. दोन्ही भोकं सारखीच भरत्यात."

मामी चुलीपाशी बसली होती. ती कडाडली, "कालेज तिला घ्यायचंय का तुमाला? अजून धा कालेजं असती तं काय केलं असतं?"

"दाढा हायेत अजून," मामा म्हणाला.

मी म्हटलं, "मामा, एकदा तरी बाजू घे ना रे."

त्यावर मामा हसला नाही. वाटीतली पेज ढवळत बसला. मग म्हणाला, "बाजू घेतली की मानसाला काय पायजे ते समद्यांना कळतं गो." मला वाटलं, टाळतोय. मी रागावून अंगणात गेले आणि निःपक्षपातीपणा हा सुखवस्तू लोकांचा चोचला कसा आहे, यावर मनातल्या मनात एक पत्रक लिहून काढलं.

हजर व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही शहापूरच्या स्टँडवर उभे होतो. काहीही ठरलं नव्हतं. मामीने ट्रंक दोन्हीकडे चालेल अशी भरली होती, घाटावरच्या थंडीसाठी स्वेटर आणि खाडीकाठच्या घामासाठी पातळ पंचे. एका फलाटाला खाडीकडे नेणारी कल्याणकडची गाडी लागली होती, शेजारच्याला घाटावरची. मला खात्री होती की मामा आता दोन्हींच्या बरोबर मधोमध उभा राहील, आणि मग मी सुस्कारा टाकून, नाइलाज असल्यासारखी कल्याणकडच्या गाडीत चढेन. चेहरासुद्धा तयार करून ठेवला होता.

मामा मधोमध उभा राहिला नाही. त्याने माझी ट्रंक उचलली, डोक्यावर घेतली आणि सरळ घाटावरच्या गाडीच्या शिडीवरून चढून टपावर ठेवली. खाली उतरला, हात झटकले.

"अरे मामा!" मी ओरडले. "हे काय? तू तर म्हणालास दोन्ही सारखी!"

"सारखीच हायेत."

"मग?"

"मला जवळचं पायजे व्हतं," मामा दुसरीकडे बघत म्हणाला. "शनवारी आली असतीस. बघितलं त्याच दिवशी पायजे व्हतं. म्हनून माझं मत धरायचं नाय. माझं मत गेलं, मंग राहिलं काय? तू पयल्यापासून बोलत व्हतीस ते. सरकारी."

माझंही मत केव्हाच फिरलं होतं, हे त्याला सांगायला फार सोपं होतं. पण माझं तोंड ज्या एकमेव दिवशी गप्प राहायला नको होतं, नेमकं त्याच दिवशी ते गप्प राहिलं. कंडक्टरने घंटी मारली. मी चढले, खिडकीशी बसले. मामा खाली उभा राहून सांगत होता की घाटात डोकं बाहेर काढू नको, आणि डोकं फारच आत ठेवलं तरी मळमळतं.

कॉलेज चांगलं होतं. शिकले, तिकडेच राहिले, तिकडेच दवाखाना टाकला. भातसानगरला यायची ती दिवाळीला आणि मे महिन्यात. परवा मामा सेवानिवृत्त झाला आणि वसाहतीतली खोली रिकामी करायची होती म्हणून गेले होते. मामा टेम्पोवाल्याशी बोलायला बाहेर गेला होता, किंवा दोन टेम्पोवाल्यांशी. मी आणि मामी भांडी पोत्यात भरत होतो. भरता भरता मामी म्हणाली, "तू गेलीस ना गो त्या दिशी, हे आले ते जेवलेच नाय. पार अंधारेपर्यंत भितीला टेकून बसले व्हते. मंग मला इचारतात, तिकडं बी पानी धरनाचंच असंल ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनले, असंल की." मामीने पोत्याचं तोंड आवळलं. "मला काय ठावं गो? पन म्हनले, असंलच."