अक्काचं आणि माझं बेट

बेट वसलं ते दुपारच्या सक्तीच्या विश्रांतीत. सांगलीच्या बाजूला माळावर एक क्षयाचा दवाखाना होता, त्याच्या बायकांच्या वॉर्डात मी वर्षाहून जास्त काळ पडून होते. दुपारचं जेवण झालं की चहा येईपर्यंत बोलायचं नाही, शिवणटिपण करायचं नाही, कुशीवर वळायचं तेही बेतानं. नर्स दारात खुर्ची टाकून राखण करायची. माणसाला पडून राहायची सक्ती करावी लागते हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. आमच्या म्हसवडकडं झोपलेल्या बाईला उठवायची रीत.

मी आले होते ती दुष्काळी कामावरून. रस्त्यासाठी खडी फोडता फोडता खोकला लागला, आणि एक दिवस खोकल्यातून रक्त पडलं. नवरा पलटणीत, लांब सरहद्दीवर. सासूनं त्याच दिवशी माझी थाळी आणि तांब्या वेगळा काढला आणि माझ्या दोन वर्षांच्या मुलीला आत नेऊन कडी लावली. सासूला मी दुष्ट म्हणणार नाही. तिची स्वतःची लेक याच रोगानं गेली होती. पण दाराआडून पोर रडत होती, ते ऐकत मी एसटी गाठली. दवाखान्यात मला एकच घोर होता. बरी होऊन घरी गेले तर पोर माझ्याजवळ येईल का? माझ्या हातचा घास खाईल का? जगणं-मरणं काय, डॉक्टर बघून घेतील.

शेजारच्या खाटेवर अक्का. सांगलीकडच्या जैन घरातली, घरात हळदीचा व्यापार. अंगानं माझ्या निम्मी आणि तोंडानं दुप्पट. तिची अडचण निराळीच होती. सूर्य मावळल्यावर ती अन्नाचा कण तोंडात घालत नसे, आणि थंडीत दिवस असा भरभर बुडायचा की तिचा घास हातातच राहायचा. एका दुपारी डोळे मिटून, ओठ जेमतेम हलवत ती म्हणाली, "एक गाव असावं बघ. समद्यांची जेवणं उरकल्याबिगर सूर्य बुडायचाच न्हाई."

"आसलं गाव कुटं आसतंय अक्का?"

"पाण्यात. चारी अंगानं पाणी. हितनं कोण जायाचं न्हाई, तिथनं कोण यायचं न्हाई."

समुद्र दोघींनीही पाहिला नव्हता. अक्कानं कृष्णेचा पूर पाहिला होता, पुरात वेढलेली उंचवट्यावरची चार घरं पाहिली होती. मी पाणी पाहिलं होतं ते बहुतेक घागरीच्या तळाशी. एवढ्या भांडवलावर आम्ही बेट वसवायला घेतलं.

पहिली विहीर मी मागितली. दोर नको, रहाट नको, काठावर बसून ओंजळ बुडेल एवढी भरलेली. अक्कानं लगेच दुकान मागितलं. दुकानाशिवाय गाव कसलं, असं तिचं म्हणणं. तिथं विकायला काय ठेवणार, तर ते नंतर बघू. पुरुष असावेत की नसावेत यावर फार वाद झाला नाही. असावेत, पण पलटणीत, आणि सुटीवर येताना गूळ घेऊन यावेत. खरा तंटा झाला कांद्यावरून. अक्काला बेटावर कांदा चालत नव्हता आणि मला कांद्याशिवाय भाकरी जात नव्हती. दोघी तोंडं फुगवून दोन खाटांवर दोन दिशांना बघत राहिलो. नर्सला वाटलं, शेवटी शिस्त लागली एकदाची. अखेर कांदा बेटाच्या पलीकडच्या टोकाला लावायचा आणि वारं नेहमी तिकडंच वाहायचं, यावर मिटलं.

माझी सगळ्यात आवडती रीत मात्र आडवं पडायच्या वाराची. गावोगावी बाजाराचा वार असतो, तसा बेटावर प्रत्येक बाईला आठवड्यातला एक वार पडून राहायला. काय दुखतंय, काय खुपतंय, कुणी विचारायचं नाही. घरातल्या बाकीच्यांनी चूल पेटवायची आणि तिच्या जवळून जाताना हळू चालायचं. माझा वार अक्कानं बेस्तरवार ठरवला, का ते विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, लग्न झाल्यापासून मी इतकी दमलेली होते की स्वर्ग कुणी देऊ केला असता तरी आधी तिथं अंथरूण आहे का ते विचारलं असतं.

ताटांचा विषय मीच काढला. बेटावर घरात एकच मोठी परात, सगळ्यांनी तिच्याभोवती बसून जेवायचं.

"मग उष्टं?" अक्कानं विचारलं.

"उष्टं ह्यो सबुदच न्हाई तितं."

दुसऱ्या दुपारी ती म्हणाली, "चालंल. पर परातीत कांदा न्हाई."

पुढं नवरा सुटी काढून मला न्यायला आला. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं, आता हिच्यापासून कुणाला काही लागत नाही, फक्त काही महिने दुपारी पडून राहू दे. अक्का अजून खाटेवरच होती. ती मला म्हणाली, "जा बाई, पोरीला पोटाशी घे." तिचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही.

घरी माझी वेगळी थाळी कोनाड्यात वाट बघत होती. नवरा आईला म्हणाला, "आगं आये, डागतर म्हन्ला, आता लागत न्हाई." सासू म्हणाली, "डागतरच्या घरात न्हवं, माज्या घरात नात हाय." तो पलटणीत शूर होता, घरात नव्हता. तरी पहिले दोन दिवस पोर माझ्याभोवती घुटमळत होती, पदराला हात लावून पळत होती. मला वाटलं, येईल.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी सोप्यात अंग टाकलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि अंगाला सवयही लागली होती. पण आमच्याकडं दिवसाढवळ्या धडधाकट बाई आडवी पडत नाही. सासूनं बघितलं आणि ओरडली, "उलाटलं गं बया, उलाटलं हिचं दुखणं!" पोरीला काखोटीला मारून ती तडक मळ्यातल्या दिराच्या घरी गेली. नवऱ्याची सुटी संपली तरी पोर तिथंच होती. मी दुपारचं पडणं सोडून दिलं. भिंतीला पाठ लावून, डोळे ताणून डाळ निवडत बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. हाडं नुसती ठणकायची. त्या उन्हाळ्याइतकी मी खडी फोडतानाही दमले नव्हते.

महिन्याभरानं मी रोज उभी दिसते असं बघून सासूनं पोरीला परत आणलं. पोर चांगली बोलायला लागली होती, अंगानं भरली होती. परसात बाभळीखाली तिनं भातुकली मांडली. खापऱ्यांची ताटं एका ओळीत लावली. हे आज्जीचं, हे बाचं, हे चुलतीचं. एक खापरी मात्र लांब, कुंपणाजवळ.

"ती कुनाची गं?" मी विचारलं.

"आयची."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. मला तेच फार लागलं. रडू आलं नाही. इतकं दमल्यावर येत नाही. मी उठून कुंपणाजवळ गेले आणि त्या खापरीपुढं मांडी घालून बसले. "मग वाड की आयला," म्हटलं.

ती मातीची भाकरी घेऊन आली. चार पावलांवर थांबली, हात लांब केला आणि खापरीला बोट न लावता भाकरी वरून टाकली. मग तिनं रिकामा तांब्या वाकडा केला आणि नसलेल्या पाण्यानं दोन्ही हात चोळून चोळून धुतले.