प्रॅक्टिकलला आलेली आत्या

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा कवडीचाही विश्वास नव्हता. छप्पन साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धम्मदीक्षा घेतली आणि घरातले अंगारे-धुपारे, उतारे सगळे बंद झाले. त्यात मी शिकले मानसशास्त्र! तेव्हा हसायचं तर खुशाल हसा...

साठच्या दशकाची सुरुवात. अमरावतीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आबांनी बजावलं होतं, नापास झालीस तर हिवरखेडचं स्थळ तयार आहे. मुलगा वाईट नव्हता हो, पण मला शिकायचं होतं.

आमच्या प्रॅक्टिकलची गंमत अशी, की सब्जेक्ट — ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस — ज्याचा त्याने आणायचा. सब्जेक्ट नाही तर परीक्षा नाही. माझी मैत्रीण विमल येणार होती. परीक्षेच्या सकाळी बघते तर ती तापाने फणफणलेली. वसतिगृहात दुसरं कुणी उरलं नव्हतं. चपराश्याच्या बायकोच्या हातापाया पडले, तर आपल्या मनातलं काढून घेतात या भीतीने तिने दारच लावून घेतलं. कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून मी चक्क रडत होते...

आणि समोरून आत्या! आबांची थोरली बहीण. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आली होती. कशी, कशासाठी, हे विचारायलाही सवड नव्हती. हाताला धरून तिला प्रयोगशाळेत नेलं.

प्रयोग शब्दसाहचर्याचा. मी एक शब्द म्हणायचा, तिने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, मी स्टॉपवॉचवर वेळ टिपायची. उत्तराला उशीर झाला तर तिथे मनात काही अडलंय, असं पुस्तक सांगतं. आत्या कसली एका शब्दावर थांबते! ‘पाणी’ म्हटलं तर ‘भरून ठेवलं’. ‘दिवा’ म्हटलं तर ‘तेल सरलं त्यातलं’. बाहेरून आलेले परीक्षक ओठ दाबून हसत होते. ‘नवरा’ म्हटल्यावर मात्र ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग ‘होता’ म्हणाली.

पुढचा शब्द ‘मुलगी’.

“आमची सुमी.”

क्षणाचाही उशीर नाही. सुमी म्हणजे मी. माझं घड्याळ चालूच राहिलं. परीक्षकांनी वेळ विचारली, तर मला काटाच दिसेना. या बाईची माझ्यावर किती माया आहे, ते मला त्या टेबलाशी कळलं.

पार पडलं सगळं. बाहेर चहा घेताना विचारलं, आत्या, तू आलीस कशी?

“तूच त हाक मारली काल सांजच्याले. ‘आत्या, उद्या ये वो’ म्हणे. दारात येऊन पाह्यलं त कोणी नाई. मंग निंघाली सकाळी.”

आता काय म्हणायचं याला? आदल्या संध्याकाळी विमल ठणठणीत होती. आम्ही दोघी गच्चीवर संत्री सोलत खिदळत होतो. खरं सांगायचं तर आत्याची मला आठवणही नव्हती. मग अडचण यायच्या आधीच हाक अकोल्याला पोचली कशी? मी पास झाले, पुढे शिकले, जन्मभर हाच विषय शिकवला. योगायोग, श्रवणभास — सगळं लावून पाहिलं, कशातच बसत नाही. आजही नाही.

तेव्हा मी तिला म्हटलंही, की अगं, मी हाक मारलीच नव्हती.

“नसन मारली,” चहा बशीत ओतत आत्या म्हणाली. “तुह्याकडे याले मले हाक लागते का?”