हळदीतला लाइव्ह अल्बम

सुरात गाणं ही निव्वळ फसवणूक आहे, असं मानणारा आणि त्याला जागून वागणारा एकच माणूस मी पाहिला. हिंजवडीत कंपन्या नव्याने येत होत्या त्या काळी सूसच्या भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत राहणारा अकोल्याचा मित्र. दिवसा तो हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा. संध्याकाळी गिटार घेऊन स्वतःच्या चुका जिवापाड जपायचा. दुकानदाराने सुरात लावून दिलेली नवी गिटार त्याने घरी येऊन तासभर खपून बेसूर केली. मिक्सरचा आवाज आवडला की शेंगदाण्याच्या चटणीचं लोणी होईपर्यंत बटण सोडत नसे. कंपनीतल्याच दोघांना हाताशी धरून त्याने बँड काढला होता. "आमचं संगीत पोस्ट-पंक आहे, तेही प्रायोगिक," असं त्याने घरमालकांना सांगितलं, तेव्हा ते आदराने म्हणाले, "व्हय का? टपालखात्याचा बँड हाय म्हना की!"

म्हणूनच लेकीच्या हळदीला सांगितलेला बँजोवाला ऐन वेळी आला नाही, तेव्हा मालक आमच्या दारात उभे राहिले. "आता तुमीच वाजवा. मांडवात पावनं बसल्यात, आब्रू जाईल माजी." मी घाईघाईने नाही म्हणू लागलो. मित्राच्या डोळ्यांत मात्र पाणी तरळलं. 'वाजवा' असं त्याला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. "लाइव्ह अल्बम करू," तो म्हणाला आणि रेकॉर्डर माझ्या हातात कोंबला.

एकाने पाण्याच्या पिंपावर काठ्या हाणल्या, दुसऱ्याने बास गिटारचा एकच स्वर धरून ठेवला आणि मित्र माइकमध्ये कंपनीच्या कँटीनचा मेनू ओरडू लागला. मांडवातले पाहुणे घड्याळं बघू लागले. बऱ्याच वेळाने नवरीची आत्या पुढे होऊन मायेने म्हणाली, "बाळा, जोडाजोडी झाली असंल तर सुरू करा की आता."

"आत्या, हे चौथं गाणं आहे," मित्र माइकमधूनच म्हणाला.

सकाळपासून रडून डोळे सुजवून बसलेली नवरी त्यावर अशी हसत सुटली, की पाटावरून कलंडून हळदीच्या वाटीतच बसली. मग आत्या हसली, करवल्या हसल्या, पोरं नाचायला लागली. आम्हाला खोली सोडा म्हणून सांगायला तरातरा निघालेले मालक निम्म्या वाटेत थांबले. लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांबू नगा. वाजवा आजून."

त्या अल्बमच्या सीड्या मित्राने ऑफिसात फुकट वाटल्या. बहुतेकांनी 'खराब निघाली' म्हणून परत केल्या. पुढे पिंपवाला बंगळूरला गेला, बासवाला संसाराला लागला आणि मित्र अकोल्याला परतून वडिलांच्या दुकानात बसू लागला. परवा फोनवर मी विचारलं, "वाजवतोस का अजून?"



"वाजवलं असतं बे," तो म्हणाला, "पण इथे कुणी हसून पाटावरून पडत नाही, लोक शांतपणे ऐकून घेतात."