अंदाजपंचेचा चुकलेला आकडा

शहराच्या सांडपाणी केंद्रातल्या प्रयोगशाळेत त्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि त्याचं खरं नाव पगारपत्रकापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला अंदाजपंचे म्हणत. शुद्ध करून नदीत सोडलेल्या पाण्यात घाण किती उरली, हे कळायला पाच दिवस लागतात. पाणी बाटलीत भरून पेटीत बंद ठेवायचं. आतले जंतू घाण खाता खाता प्राणवायू किती संपवतात, ते पाचव्या दिवशी मोजायचं. आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण. पण साहेबलोकांना पाच दिवस धीर कुठला? म्हणून हा बाटली नाकाशी नेई, उजेडात धरी आणि रजिस्टरात पेन्सिलीने आकडा टाकी. पाचव्या दिवशी त्यावर शाईने खरा आकडा लिहायचा. दोन्हींत दोन-तीनपेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. माणूस साधा, पण या एका गोष्टीची घमेंड त्याला होती, आणि ती मला तरी गैर वाटत नाही.

नदीच्या खालच्या अंगाला, तासाभरावर, त्याची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. नदीकाठी तिचा भाजीचा मळा होता. भावाच्या हातून येणारं पाणी म्हणून शेजारणींपुढे ती तोरा मिरवायची.

त्या सोमवारी त्याने बाटली नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. पाण्याला वास नव्हता. शुद्ध झालेल्या सांडपाण्यालाही ओल्या मातीसारखा एक वास असतोच. तो वास चांगला म्हणायचा, त्यावरून तर अंदाजपंचे आकडा ठरवायचा. हे पाणी नुसतंच पारदर्शक होतं. पेन्सिल हातात धरून त्याने दहा मिनिटं घालवली आणि शेवटी नेहमीचा म्हणून चौदा लिहिला.

बाहेर आला तर टाक्यांच्या कठड्यावर एरवी घोंगावणारी चिलटं दिसेनात. कोळ्यांची जाळी रिकामी लटकत होती. पाणी नदीत पडतं त्या तोंडाशी रोज रांगेने बसणारे बगळेही नव्हते. यंत्रांची घरघर तेवढी चालू होती. हे त्याने कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांची सवय. पाचव्या दिवशी बाटलीच काय ते बोलेल, असं म्हणत तो रोजच्या कामाला लागला. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. जेवणाच्या सुट्टीत यंत्रचालक म्हणाला, की इतकी स्वच्छ हवा आपल्या नशिबी असेल असं वाटलं नव्हतं. सगळे हसले. तोही हसला.

शनिवारी आकडा आला : एक.

साहेबांचा आनंद गगनात मावेना. अंदाजपंचे पहिल्यांदाच चुकले आणि तेही चांगल्या बाजूने, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. अंदाजपंचेने चहाला हात लावला नाही. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब त्याने काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. घाण खाऊन पाणी शुद्ध करणारे ते बारीक जीव, गरागरा फिरणारे, देठावर डुलणारे, त्याने सव्वीस वर्षं रोज पाहिले होते. आजही ते सगळे होते, जागच्या जागी, काचेसारखे आरपार. एकही हलत नव्हता.

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्राणवायू संपला नव्हता, कारण संपवायला बाटलीत कुणी जिवंतच नव्हतं. कुणीतरी गटारात जहाल काहीतरी सोडलं होतं. एक हा आकडा स्वच्छ पाण्याचा नव्हता. तो मेलेल्या पाण्याचा होता. कारकुनाला हे कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. याला कळायला हवं होतं, आणि ते त्याला स्वतःलाच पुरतं ठाऊक होतं.

नदीत जाणारं पाणी आत्ताच बंद करा, असं त्याने सांगितल्यावर साहेब म्हणाले, "अहो, सगळ्यात चांगला आकडा आला आणि त्याच दिवशी पाणी बंद केलं, हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांगू नका. मी केलं म्हणा," असं म्हणून तो गेला आणि नदीत पाणी सोडणारं लोखंडी दार त्याने स्वतःच्या हाताने चाक फिरवून खाली पाडलं. मग बहिणीला फोन लावला. तिसऱ्या खेपेला तिने उचलला. बोलायला तिला वेळ लागत होता.

"ताई, नदीचं पाणी कशाला वापरू नकोस. मळ्यालासुद्धा नको."

"मळ्याचं काय घेऊन बसलास," ती सावकाश म्हणाली. "तळ दिसतो रे नदीचा. मंगळवारपासून प्यायलाही तेच आणतोय."

तिथून स्कूटर त्याने कशी हाणली, ते त्यालाच ठाऊक. भर दुपारचं ऊन होतं. वाटेत नदी दिसत राहिली, निळी, चित्रातल्यासारखी सुंदर. काठावर एक बेडूकही नाही. बहिणीचं दार सताड उघडं होतं. भाऊजी खाटेवर झोपलेले, सून भिंतीला टेकून झोपलेली, नातू तिच्या मांडीवर. चुलीजवळ ताई आडवी पडली होती, फोन हातातच. त्याने एकेकाच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता, पण संथ, फार संथ.

त्याने आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग नातवाला खांद्यावर घेतलं, भाऊजींच्या आणि सुनेच्या तोंडावर थापट्या मारल्या, आणि ताईला दंडाला धरून बसतं केलं. तिने डोळे अर्धे उघडले आणि त्याला ओळखून ती हसली.

"किती गुणाचं पाणी पाठवलंस रे," ती म्हणाली. "जन्मात अशी शांत झोप लागली नव्हती. जरा पडू दे मला."

ती पुन्हा कलंडायला लागली. त्याने तिला पडू दिलं नाही. तो रडत होता आणि तिला गदागदा हलवत होता.