‘राह्यला’साठी हात उचलणारे धोंगडे सर

धोंगडे सर मराठी शिकवताना टेबलावर अशी बुक्की मारत की दौत उडून पडे. हिंगणीच्या शाळेत मीही मास्तर होतो, माझा वर्ग त्यांच्या शेजारचा. भिंतीपलीकडून धाडधाड ऐकू आली की समजायचे, व्याकरण चालू आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट.

मुलांना त्यांनी कधी बोट लावले नाही. राग सगळा मोठ्यांवर. ‘करत आहे’ऐवजी गावात म्हणतात त्या ‘करून राह्यला’ला कुणी अशुद्ध म्हटले की सर अंगावर धावून जात. “काऊन अशुद्ध? आधी माणूस काम करून तिथंच राहे. बोलता बोलता ‘राह्यला’तलं घर झिजलं, नुसतं चालू असणं उरलं. आता पाऊसबी पडून राह्यला! किती पिढ्याईनं तोंडात घोळलं, तवा हे झालं. अन् तुमी एका दिवसात पुसता?”

मुख्याध्यापक स्वतः तळेगावचे, पण शाळेत पुस्तकी मराठीशिवाय शब्द काढत नसत. एका सकाळी प्रार्थनेनंतर सातवीतली रेखा त्यांना म्हणाली, “गुरुजी, पोट दुखून राह्यलं.”

“दुखत आहे म्हण!” म्हणत त्यांनी तिच्या कानशिलात लगावली. भेदरून ती पुन्हा तेच बोलली. पुन्हा चपराक बसली. कानातून रक्त आले.

धोंगडे सरांनी मुख्याध्यापकांच्या हातची छडी हिसकावली आणि भर पटांगणात त्यांना झोडपून काढले. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“वाचवा रे, हा मारून राह्यला मले!” मुख्याध्यापक किंचाळले.

कुणी हसले नाही. सरांचा हात थांबला. छडीकडे बघत ते मटकन खाली बसले.

चौकशी लागली. नोकरी टिकवायची तर दोन गोष्टी लिहून द्यायच्या होत्या: मारल्याबद्दल माफी, आणि यापुढे वर्गात गावचे बोलणे खपवून घेणार नाही असा शब्द. सरांच्या पदरात तीन लेकरे. पहिल्या गोष्टीसाठी ते थेट मुख्याध्यापकांच्या घरी गेले आणि त्यांच्या प्लास्टरवर हात ठेवून रडले. “तुमच्यासारखाच मीबी मारून शिकवाले गेलो,” म्हणाले. दुसरे मात्र लिहीनात. मी चिडलो, हातापाया पडलो.

“मारल्याची माफी मागतली, बाप्पा. पण त्या पोरीच्या बोलण्याची कशी मागू?”

नोकरी गेली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला.

सेलूच्या एसटीत त्यांना बसवायला गेलो, तेव्हा रेखा आईबरोबर आली होती. तिचा डावा कान कायमचा गेला होता.

“सर, आता मी कसं बोलू?”

सर गाडीतून उतरले, तिच्या उजव्या बाजूला जाऊन वाकले.

“भेत भेत नको बोलू, माय. बाकी कसंबी बोल.”