वाढपी साडू

माणूसजातीवर आमच्या साडूंइतका विश्वास असलेला, आणि त्यापायी इतक्या माणसांशी भांडलेला इसम अख्ख्या टेक्सासात दुसरा नसेल. शुगर लँडला ते तेल कंपनीत पाइपलाइनी बघतात, पण मन रमतं ते लाखभर वर्षांपूर्वीच्या शिकारी टोळ्यांत. तिथे म्हणे मोठं जनावर मारून आणणाऱ्याने मिरवायचं नाही. मिरवलंच, तर बाकीच्यांनी चेष्टा करून त्याला जमिनीवर आणायचं. माणसाला नीती सुचली ती इथून, असं त्यांचं ठाम मत, आणि ते मत ते आमच्यावर राबवतात. मी नवं घर घेतलं तेव्हा घामाघूम होत त्यांना चारही बेडरूम दाखवल्या. शेवटी ते म्हणाले, "ससाच मारलास की रे." बायको मनापासून हसली.

गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला वाढायचं काम मात्र वर्षानुवर्षं त्यांचंच. शाळेच्या कॅफेटेरियात आमटीची बादली घेऊन फिरताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असे, ते प्रमोशनच्या दिवशीही दिसलं नव्हतं. आधी मुलं, मग म्हातारे, मग भारतातून नवे आलेले विद्यार्थी, आणि गलेलठ्ठ पगारवाले सर्वांत शेवटी, हा त्यांचा क्रम. गेल्या वर्षी कमिटीने मोठ्या देणगीदारांसाठी वेगळं टेबल मांडलं, वर 'राखीव' अशी पाटी ठेवली आणि आधी तिथे वाढा म्हणून सांगितलं. साडू बादली घेऊन सरळ विद्यार्थ्यांकडे गेले. अध्यक्षबाई मागोमाग येऊन हळूच म्हणाल्या, "काका, प्लीज अ‍ॅडजस्ट करा. नाहीतर नेक्स्ट इयर वाढायला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

"बघा की. आज बादली माझ्या हातात आहे. माणूस माणूस झाला तो वाटून खाऊन, पाटी लावून नाही."

त्या राखीव टेबलावर भुकेने व्याकूळ झालेल्यांत मीही होतो. मान खाली घालून मठ्ठ्यावर भागवलं.

यंदा कमिटीने वाढणंच कॅन्सल केलं. दारातच प्रत्येकाच्या हाती एकेक डबा, सगळ्यांना अगदी सारखा. साडूंना तक्रारीला जागाच उरली नाही. जो तो आपला डबा उघडून फोन बघत जेवू लागला. साडू मात्र हातांचं काय करावं ते न कळल्यासारखे बसून राहिले. मग त्यांनी आपल्या डब्यातला मोदक उचलला आणि माझ्या डब्यात ठेवला. मला डायबेटिस आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

"घे," ते म्हणाले. "कुणाला वाढल्याशिवाय मला जेवण जात नाही."

मी तो मोदक खाल्ला.