पीडीएफ सर

आमच्या मराठीच्या सरांनी मुलीच्या लग्नपत्रिकेचीसुद्धा पीडीएफ केली, तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून बघितली आणि मगच ग्रुपवर टाकली. "आता पंगतीला बसा म्हणायचीबी पीडीएफ येतीय बघ," असं आमच्या येळ्ळूर गावभर झालं. त्यांना सगळे पीडीएफ सरच म्हणतात.

"वर्ड म्हंजे दार उघडं टाकल्यालं घर," ते सांगायचे. "कोणबी येतंय, वेलांटी पळवून न्हेतंय. पीडीएफला कुलूप असतंय!"

सर आधी असे नव्हते. आम्ही दहावीत असताना ते वहीचे फोटो काढून पाठवायचे आणि प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा यायचा. मराठीच्या मास्तरांनीच अंगठा उठवलाय म्हणून आम्ही पोट धरून हसायचो. हे सरांच्या कानावर गेलं. तेही खो-खो हसले आणि टायपिंगला बसले.

तिथंच घात झाला. शाळेच्या कॉम्प्युटरवर मराठीचा जुना फॉन्ट होता, आमच्या फोनमध्ये तो नव्हता. पेपरला आठ दिवस उरले असताना सरांनी व्याकरणाची वर्ड फाईल पाठवली आणि वर बजावलं, "कानामात्रा न सोडता उतरून काढा." उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस. शाळेच्या क्लार्कनं सवयीनं कन्नड फॉन्ट लावला आणि ओरडला, "सर, तुमचं मराठी कन्नड झालंय! पर ह्ये कन्नडबी न्हवं!" सीमाभागात हसायला एवढं पुष्कळ झालं.

मी मात्र दोन दिवस खपून ती चार पानं कंसासकट उतरून काढली होती. पूर्वपरीक्षेत मराठीतच माझी दांडी उडाली होती. आता नापास झालीस तर शाळा बंद, असं आप्पांनी सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, व्याकरणाचं काहीतरी नवीन सूत्र असणार!

माझी वही बघून वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. "दोन दिस तुझं हितंच गेलं व्हय गं?" म्हणाले. मग लाल पेनानं पानाखाली लिहिलं, 'अक्षर सुंदर. चूक माझी.' खाली चक्क सही केली. त्या दुपारी त्यांनी आयुष्यातली पहिली पीडीएफ पाठवली आणि उरलेले दिवस शाळा सुटल्यावर मला घेऊन बसले. मला सर त्या दिवसापासून फार आवडतात.

घरी आप्पांनी ते पान दोनदा वाचलं.

"मास्तर सोताची चूक लिवून देतोय," ते म्हणाले. "असला मास्तर हाय तवर शीक. नापास झालीस तर परत बस."

मी पहिल्याच फटक्यात पास झाले. आता निपाणीत मराठी शिकवते.